परेरा : एका आडनावाची वाटचाल

लग्नाच्या बोलणीत वर परेरा आणि वधूही परेरा निघाली की माजिवड्यासारख्या आमच्या जुन्या गावठाणांत वडीलधाऱ्यांच्या मनात पाल चुकचुकते. सगोत्र विवाह वर्ज्य मानणाऱ्या समाजातून आपले पूर्वज आले, तेव्हा ही शंका स्वाभाविकच म्हणावी लागेल. परंतु परेरा हे गोत्र नव्हे. ते कोठून आले हे पाहिले म्हणजे शंकेचे निरसन होते.

पोर्तुगीज भाषेत 'पेरा' म्हणजे नासपाती आणि 'पेरेरा' म्हणजे नासपातीचे झाड. आमच्या कोकणच्या मातीत हे झाड रुजत नाही, नाव मात्र रुजले! ऑलिव्हेरा हे त्याच घडणीचे. ते ऑलिव्हच्या झाडावरून आले. पोर्तुगालात अशा झाडांवरून वस्त्यांना नावे पडली आणि वस्तीचे नाव तेथील घराण्यास चिकटले. आपल्याकडे पिंपळगावचा तो पिंपळगावकर, तसेच. झाडांची आडनावे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या यहुद्यांची, असे काही जण ठामपणे सांगतात. ते आम्हांस पटत नाही. यहुद्यांवर ती सक्ती झाली १४९७ मध्ये. आणि नुनो आल्व्हारिश परेरा हे थोर सेनापती १४३१ मध्येच निवर्तले होते.

हे नुनो विलक्षण पुरुष. १४ ऑगस्ट १३८५ रोजी अल्जुबरोटाच्या रणात त्यांनी कास्तीलच्या मोठ्या सैन्याचा पराभव करून पोर्तुगालचे स्वातंत्र्य राखले. उतारवयात, १४२३ मध्ये, दौलत वाटून टाकून ते लिस्बनच्या कार्मेल मठात साधे बंधू म्हणून राहिले. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००९ मध्ये त्यांना संतपद दिले. त्यांच्या कन्येच्या वंशात ब्रागांझा राजघराणे आले. आणि त्याच घराण्यातील राजकन्या कॅथरीन हिच्या विवाहासाठी झालेल्या १६६१ च्या तहात मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली.

मग माजिवड्याचे परेरा त्या सेनापतींचे वंशज काय? मुळीच नव्हे. १५३४ च्या तहाने वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेली व पुढे येथील कोळी, कुणबी, भंडारी कुटुंबांना बाप्तिस्मा मिळाला. त्या वेळी धर्मपित्याचे वा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचे आडनाव नवख्रिस्ती कुटुंबास देण्याची रीत होती. शेजारच्या दोन घरांचे धर्मपिते निराळे असले तर एक घर परेरा झाले, दुसरे डिसोझा. उलट ज्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता अशी दोन घरे एका नावाखाली आली. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, १७३९ मध्ये वसई पडली, १७७४ मध्ये ठाण्यावर इंग्रजांचा झेंडा चढला. नावे मात्र टिकली. आडनावावरून आम्हांस फिरंगी म्हणणाऱ्यांनी ही हकिगत ध्यानी घ्यावी.

धर्मसभेच्या १९८३ च्या विधिसंहितेतही, १०९१ व्या कलमात, आडनावाचा विचार नाही. तेथे पाहिले जाते ते रक्ताचे नाते. आडव्या वंशात चौथ्या अंशापर्यंत, म्हणजे चुलत, मामे, आते, मावस भावंडांपर्यंत. म्हणून परेरांच्या घरी परेरांचे स्थळ आले तर आडनाव बाजूस ठेवावे आणि दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावे पॅरिशच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत ताडून पाहावीत.