निरोग्याचें औषध

रोग झाला म्हणजे वैद्याकडे जावें, हा आमच्या घरोघरचा जुना व्यवहार. ज्याचें कांहींच दुखत नाहीं अशा माणसानें वर्षानुवर्षें रोज एक गोळी घ्यावी, ही कल्पना आमच्या मनास सहज पटत नाहीं. ती वैद्यकांत कशी आली याचा इतिहास म्हणूनच पाहण्यासारखा आहे.

१९१३ त सेंट पीटर्सबर्ग येथें अनिचकोव्ह व त्याचा एक सहकारी यांनीं सशांस तेलांत विरघळविलेलें कोलेस्टेरॉल चारलें, आणि त्यांच्या रोहिण्यांत मनुष्यांत आढळतात तसलेच थर जमलेले दाखविले. हाच प्रयोग उंदीर व कुत्रे यांवर मात्र साधेना. तेव्हां शाकाहारी सशावरून माणसाविषयीं अनुमान काढणें योग्य नव्हे, असा आक्षेप निघाला व प्रश्न कित्येक वर्षें मागें पडला.

त्यास चालना मिळाली ती एका गांवांत. १९४८ त अमेरिकेंतील फ्रॅमिंगहॅम येथें ५२०९ स्त्रीपुरुषांची दर दोन वर्षांनीं तपासणी करण्याचें काम सुरू झालें. १९६१ पर्यंत असें दिसून आलें कीं, ज्यांच्या रक्तांत कोलेस्टेरॉल अधिक किंवा ज्यांचा रक्तदाब अधिक, त्यांच्यांत हृदयविकारही अधिक. ज्याला लोक दैव म्हणत, त्याचा कांहीं भाग हिशेबांत येऊं लागला.

हिशेब झाला, उपाय जपानांत सांपडला. अकिरा एन्डो यांनीं सुमारें ६००० बुरशा तपासल्या, आणि १९७३ च्या सुमारास क्योटो येथील तांदुळावरच्या एका बुरशींत शरीरांतील कोलेस्टेरॉलची उत्पत्ति रोखणारें द्रव्य त्यांस मिळालें. त्या जातीच्या पहिल्या औषधास अमेरिकेंत १९८७ त मान्यता मिळाली.

निरोग्यांच्या बाबतींत खरी कसोटी १९९५ ची. पश्चिम स्कॉटलंडांत, पूर्वीं झटका न आलेल्या पण कोलेस्टेरॉल वाढलेल्या ६५९५ पुरुषांपैकीं निम्म्यांस औषध व निम्म्यांस तशीच दिसणारी पोकळ गोळी सुमारें पांच वर्षें दिली. पोकळ गोळी घेणाऱ्यांपैकीं २४८ जणांस झटका वा हृदयविकारानें मृत्यु आला. औषध घेणाऱ्यांपैकीं १७४ जणांस. धोका जवळजवळ एकतृतीयांशानें घटला. परंतु याच आंकड्यांचा दुसराही अर्थ आहे: शंभरांनीं पांच वर्षें गोळी घ्यावी, तेव्हां दोघां-तिघांचें संकट टळतें, आणि ते दोघे-तिघे कोण, हें कोणासच कळत नाहीं.

म्हणून निर्णय एकट्या आंकड्यावर होत नाहीं. तेथें घरच्या डॉक्टरांचें काम पडतें. आमचा आंकडा वाढलेला निघाला तेव्हां आमच्या डॉक्टरांनीं औषधाचें नांव काढण्यापूर्वीं, वडिलांस झटका कोणत्या वयांत आला, हें विचारलें. मग तंबाखू, रक्तदाब, मधुमेह. आम्हांस तें विषयांतर वाटलें. फ्रॅमिंगहॅमचा इतिहास वाचल्यावर कळलें कीं, विषय तोच होता.

बरें वाटतें म्हणून आपण होऊन गोळी सोडणारे आमच्या मित्रमंडळींत पुष्कळ आहेत. त्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, सोडावयाची तर डॉक्टरांस विचारून सोडावी. कारण ती बरें वाटण्यासाठीं मुळीं दिलेलीच नव्हती.