मेंढ्यांची पायपीट आणि चराईचे नियोजन

मेंढीने चरून मिळवलेली सर्व ऊर्जा मांस, लोकर वा दूध यांच्या कामी येत नाही. तिचा मोठा वाटा शरीराच्या निर्वाहात खर्च होतो आणि चारा-पाण्याच्या शोधातील पायपिटीचा खर्च त्यावर वेगळा पडतो. हा दुसरा खर्च बऱ्याच अंशी चराईच्या नियोजनावर अवलंबून असतो.

चालण्याचा हिशेब

पशुपोषणशास्त्रातील रूढ गणनेनुसार सपाट जमिनीवर १ किलोमीटर चालण्यासाठी मेंढीला दर किलो वजनामागे सुमारे ०.६ किलोकॅलरी ऊर्जा लागते. ३० किलो वजनाची दख्खनी मेंढी दिवसाला १० किलोमीटर चालल्यास सुमारे १८५ किलोकॅलरी केवळ चालण्यात जातात. उभ्या चढाचा खर्च याच्या दहा पटींहून अधिक असतो. १०० मीटर उंचीची टेकडी चढणे म्हणजे सपाटीवर आणखी १ किलोमीटर चालण्यासारखेच होय. ही ऊर्जा चाऱ्यातून भरून निघाली नाही, तर मेंढीचे वजन घटते, दूध कमी होते आणि कोकरांची वाढ खुंटते.

नियोजनाचे महत्त्व

गवत आखूड व विरळ झाले की मेंढी अधिक वेळ चरते आणि प्रत्येक घासासाठी अधिक पावले टाकते. त्यामुळे कुरणाचे भाग पाडून आळीपाळीने चारणे, चरलेल्या भागाला विश्रांती देणे आणि पाणवठा व मुक्काम चराईजवळ ठेवणे हितकारक ठरते. मात्र कुरणाच्या क्षमतेपेक्षा मेंढ्या अधिक असतील, तर केवळ भाग पाडून उपयोग होत नाही.

पुणे, सातारा जिल्ह्यांच्या कोरडवाहू भागातील धनगर मेंढपाळ पावसाळ्यानंतर कोकणाकडे उतरतात आणि पुढील पावसाळ्यापूर्वी परततात. वाटेत पीक निघालेल्या शेतात मेंढ्या बसवल्या जातात. शेतकऱ्याला लेंडीखत मिळते आणि मेंढपाळाला त्याबद्दल धान्य वा पैसे मिळतात. मुक्कामाभोवतीच्या रानात चारा मिळाल्याने मेंढ्यांची रोजची वणवण कमी होते, तर तळ हलवत राहिल्याने एकाच जागेवर चराईचा ताण येत नाही.

शहराच्या वेशीवर

ही व्यवस्था मोकळ्या रानावर अवलंबून आहे. सिंहगड रस्त्यालगतची धायरी २०१७ मध्ये पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या ११ गावांपैकी एक आहे. अशा गावांत शेते व माळ यांच्या जागी इमारती उभ्या राहतात, तेव्हा चराऊ जमिनीचे तुकडे एकमेकांपासून तुटतात. उरतात ते प्रामुख्याने डोंगरउतार, म्हणजे जेथे प्रत्येक मीटरची चढण सर्वांत महाग पडते. कळपाला वळसा घालून जावे लागले, तर ४ किलोमीटरच्या जादा चालीत प्रत्येक मेंढीमागे रोज सुमारे ७५ किलोकॅलरी खर्ची पडतात. त्यामुळे चराऊ क्षेत्राबरोबरच तेथवर जाणाऱ्या वाटा आणि पाणवठे राखणे हाही चराई नियोजनाचाच भाग ठरतो.