पेपर कटिंग विकणारं दुकान

आपल्या पर्समधला मोबाईल कुठल्याही कंपनीचा असो, त्याच्या मेंदूचं मूळ बहुधा एकाच घरचं: इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या आर्म कंपनीचं. गंमत म्हणजे या कंपनीनं कित्येक वर्षं स्वतः एकही चिप बाजारात विकली नाही. शिंप्यानं ब्लाउज न शिवता नुसतं पेपर कटिंग विकावं, तसा हा धंदा.

सुरुवात एकॉर्न नावाच्या छोट्या कंपनीत झाली. चिपला द्यायच्या आज्ञांची भाषा रचली सोफी विल्सन या बाईंनी; आतली मांडणी स्टीव्ह फर्बर यांची. 26 एप्रिल 1985 ला पहिली चिप चालली. फर्बर वीज मोजायला बसले, तर काटा शून्यावर! वीज जोडायचीच राहिली होती; शेजारच्या तारांतून झिरपणाऱ्या विजेवर चिप चालली होती. इतकी काटकसरी चिप पुढे मोबाईलला न मानवली तरच नवल.

1990 मध्ये एकॉर्न, अ‍ॅपल आणि व्हीएलएसआय यांनी मिळून आर्म ही वेगळी कंपनी काढली. बारा इंजिनिअर आणि खेड्यातलं एक जुनं कोठार, एवढाच संसार. कारखान्याला पैसा कुठला? म्हणून प्रमुख रॉबिन सॅक्सबी यांनी परवाने विकायचं ठरवलं. आधी शुल्क, मग विकलेल्या प्रत्येक चिपमागे थोडी रॉयल्टी. इंटेल स्वतःच्या चिप स्वतः विकत होती. आर्मची मात्र गिऱ्हाइकांशी स्पर्धाच नव्हती, त्यामुळे एकमेकींच्या हाडवैरी कंपन्याही बिनघोर तिच्याकडे येत.

हा विश्वास हेच तिचं खरं भांडवल. 2020 मध्ये एनव्हिडिया ही चिप विकणारी कंपनी 40 अब्ज डॉलरना आर्म घ्यायला निघाली, तेव्हा बाकीच्यांच्या पोटात गोळा आला. आपलं माप ज्याच्याकडे, तोच उद्या शेजारी दुकान थाटणार! सरकारी यंत्रणांनी हरकती घेतल्या आणि फेब्रुवारी 2022 मध्ये सौदा मोडला. त्याच वर्षी आर्मनं क्वालकॉम या जुन्या गिऱ्हाइकालाच परवान्यावरून कोर्टात खेचलं. डिसेंबर 2024 मध्ये ज्यूरीनं सांगितलं, क्वालकॉमच्या चिप परवान्यात बसतात.

तोवर दुसरी वाट तयार झालीच होती. 2010 मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात रिस्क-फाइव्ह ही आज्ञांची मुक्त भाषा जन्मली. भाषा फुकट, बेतणं ज्याचं त्यानं करायचं. आपल्या मद्रास आयआयटीची ‘शक्ती’ चिप तिच्यावरच बेतलेली आहे. खटला चालू असतानाच, 2023 मध्ये, क्वालकॉमनंही चार कंपन्यांबरोबर या भाषेसाठी हातमिळवणी केली. आर्मचं दुकान आजही जोरात आहे, पण गिऱ्हाइकानं दुसरं दार पाहून ठेवलंय.