कोनाचे माप आणि 3438 कला

कोन मोजण्याच्या प्रचलित दोन पद्धतींपैकी अंशाची पद्धत बॅबिलोनमधील साठावर आधारलेल्या गणनेतून निघाली आणि ग्रीक ज्योतिषाच्या वाटेने भारतात येऊन रुजली. वर्तुळाचे 360 अंश, अंशाच्या 60 कला आणि कलेच्या 60 विकला हे विभाग पंचांगात आजही चालतात, आणि सणसवाडीच्या कारखान्यांत तयार झालेला सुटा भाग तपासताना कोनमापकावर जी मिनिटे वाचली जातात, त्या याच कला होत. 360 ही संख्या पुष्कळ अंकांनी निःशेष भागली जात असल्याने सोयीची असली, तरी ती माणसाने ठरवलेली आहे. रेडियन मात्र वर्तुळातूनच उपजतो: त्रिज्येइतक्या लांबीचा कंस केंद्रापाशी जो कोन करतो तो एक रेडियन, म्हणजे सुमारे 57.3 अंश.

ही कल्पना इंग्लंडमध्ये रॉजर कोट्स यांनी 1714 मध्ये मांडली आणि तिचे नाव 1873 मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजात जेम्स थॉमसन यांच्या प्रश्नपत्रिकेत छापले गेले. परंतु कुळकथा तेथून सुरू करणे अन्यायाचे ठरेल. आर्यभटाच्या, इ.स. 499 च्या सुमाराच्या, ज्यांच्या सारणीत (ज्या म्हणजे दुप्पट कोनासमोरील जीवेचा अर्धा भाग) 90 अंशांची ज्या, म्हणजेच त्रिज्या, 3438 येते. परिघाच्या 21600 कलांना 3.1416 च्या दुपटीने भागले की हीच संख्या मिळते. अर्थात कंस आणि त्रिज्या ही दोन्ही एकाच मापाने, कलांनी, मोजलेली आहेत, आणि 3438 कला म्हणजेच जवळजवळ एक रेडियन.

या एकमापाचे खरे फळ सह्याद्रीच्या परिसरातील भास्कराचार्यांच्या 1150 मधील 'सिद्धान्तशिरोमणी'त दिसते. ग्रहाची तात्कालिक गती, म्हणजे त्या क्षणापुरती गती, काढताना ते 225 कलांच्या कंसामागे होणारी ज्येची वाढ कोटिज्येला (पूरक कोनाच्या ज्येला) 225 ने गुणून त्रिज्येने भागून मिळवतात. 60 अंशांशी कोटिज्या 1719 असल्याने ही वाढ 112.5 कला येते. त्रिज्येचे माप वेगळे असते, तर येथे आणखी एक गुणक घालावा लागला असता. कलनशास्त्रात आज रेडियनच वापरतात, त्याचे कारण नेमके हेच आहे. आर्यभट किंवा भास्कराचार्य यांनी रेडियन हे एकक स्थापिले असे म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे होईल, कारण कोन ते शेवटपर्यंत अंश-कलांतच सांगत राहिले.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापिल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आहे. पुढे कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1520 च्या 'ग्रहलाघवा'त ज्या टाळून ग्रहगणित सुलभ केले आणि महाराष्ट्रातील पंचांगे दीर्घकाळ त्याच ग्रंथावर चालली. त्यामुळे व्यवहारातून 3438 ची सारणी मागे पडली. शिरूर-दौंडकडील अकरावीच्या वर्गात रेडियन शिकवताना शिक्षकांनी 21600 ला 6.2832 ने भागण्याचे हे उदाहरण विद्यार्थ्यांकडून आवर्जून सोडवून घ्यावे.