पाकिटातलं कार्ड

ऑगस्ट १९६९ चा शेवटचा आठवडा. मिसिसिपीच्या काठावरचं सेंट लुइस शहर. हवा इतकी दमट की शर्ट पाठीला चिकटलाय. तुम्ही १९ वर्षांचे आहात आणि तुमच्या पाकिटात सैन्यभरती खात्याची दोन छोटी कार्डं आहेत, एक नावनोंदणीचं आणि दुसरं वर्गवारीचं. दोन्ही सतत जवळ बाळगायची, असा नियम आहे. मुद्दाम जाळलीत तर ५ वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि १०,००० डॉलरपर्यंत दंड. हा कायदा १९६५ चा. गेल्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. तुम्हाला व्हिएतनामला पाठवता येतं, पण बहुतेक राज्यांत मत द्यायला तुमची २१ वर्षं भरावी लागतात.

वर्गवारीच्या कार्डावर ‘२-एस’ असं टंकलेलं आहे. म्हणजे विद्यार्थी. कॉलेजात पूर्णवेळ शिकताय तोवर भरती लांबणीवर. नापास झालात, फी भरता आली नाही म्हणून वर्ष सोडलंत, की कार्ड बदलणार. भरती खात्याने १९६५ च्या एका टिपणात हे धोरण उघडपणे मांडलं होतं. भरतीच्या धाकाने तरुण आपोआप देशाला हव्या त्या अभ्यासक्रमांकडे आणि नोकऱ्यांकडे वळतात, असा त्याचा आशय. म्हणजे तुम्ही कोणता विषय निवडता, यातही सरकारचा हात आहे. तुमच्या प्राध्यापकांनाही ते ठाऊक आहे. पेपर तपासताना त्यांच्या लाल पेन्सिलीखाली कुणाचा तरी जीव असतो.

तुम्ही सेंट लुइसला आलात ते पुस्तकांमुळे. आयन रँडची १९५७ ची हजार पानांहून मोठी कादंबरी ‘अ‍ॅटलस श्रग्ड’ तुम्ही वसतिगृहात रात्र रात्र जागून वाचलीत. सक्तीची सैन्यभरती म्हणजे सरकारने व्यक्तीच्या हक्कांवर घातलेला सर्वांत वाईट घाला, असं रँडने दोन वर्षांपूर्वी ठणकावून सांगितलंय. रॉबर्ट हाइनलाइनच्या १९६६ च्या कादंबरीत चंद्रावरची वसाहत पृथ्वीच्या सत्तेविरुद्ध उठते. त्या उठावाला विचार पुरवतो एक म्हातारा प्राध्यापक, आणि आपल्या कृत्यांची जबाबदारी माणसाला कुठल्याही सरकारवर ढकलता येत नाही, असं तो मानतो. हे वाचून झाल्यावर पाकिटातलं कार्ड तुम्हाला बोचायला लागलं.

स्टाउफर्स रिव्हरफ्रंट इन या हॉटेलात ‘यंग अमेरिकन्स फॉर फ्रीडम’चं अधिवेशन भरलंय. १९६० साली उजव्या विचारांचे लेखक-संपादक विल्यम बकली यांच्या घरी जन्मलेली ही उजव्या विचारांच्या विद्यार्थ्यांची संघटना. कम्युनिस्टांना विरोध आणि व्यक्तिस्वातंत्र्य, दोन्ही एकाच झेंड्याखाली. पण रात्री तुम्ही काही मित्रांबरोबर हॉटेलबाहेर पडता आणि १९२ मीटर उंचीच्या पोलादी कमानीखाली जाता. तिथे बोलताहेत कार्ल हेस. १९६४ मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांची भाषणं लिहून देत. आता ते युद्धाच्या विरोधात आहेत आणि नव्या डाव्या तरुणांशी हात मिळवा म्हणताहेत. तुमच्या शेजारचा मुलगा टाळ्या वाजवतो. त्याच्या पलीकडचा चिडून निघून जातो.

मग सभागृहात भरतीचा ठराव येतो. सक्तीची भरती नको, यावर बहुतेकांचं एकमत आहे. भांडण पुढे आहे. भरतीला प्रत्यक्ष प्रतिकार करायचा का? बहुमत म्हणतं, कायदा मोडायचा नाही. प्रतिकाराचा ठराव पडतो. तेवढ्यात एक मुलगा हात उंच करतो. हातातल्या कार्डाला ज्योत लागलीय. क्षणभर कुणाला काही सुचत नाही, आणि मग सगळे एकदम तुटून पडतात. खुर्च्या सरकतात, गुद्दे बसतात. एकीकडून ‘लेसे फेअर’च्या, म्हणजे सरकारी ढवळाढवळ नको अशा घोषणा, दुसरीकडून शिव्या. तुम्हाला ढकलणारा मुलगा कालच तुमच्याबरोबर जेवलाय आणि त्याच्याही छातीवर स्वातंत्र्याच्याच संघटनेचा बिल्ला आहे.

पुढचं तुम्हाला काही वर्षांत कळेल. स्वातंत्र्यवादी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण या संघटनेतून बाहेर पडतील किंवा काढले जातील. त्यांच्यातले काही ‘सोसायटी फॉर इंडिव्हिज्युअल लिबर्टी’ उभी करतील. डिसेंबर १९७१ मध्ये लिबर्टेरियन पक्ष जन्माला येईल. फेब्रुवारी १९७० मध्ये गेट्स आयोग एकमताने सांगेल की सैन्य स्वेच्छेने आलेल्यांचंच असावं. त्या आयोगात अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन असतील, आणि रँडच्या वर्तुळात वावरलेले अ‍ॅलन ग्रीनस्पॅनही. १९७३ मध्ये सक्तीची भरती बंद होईल. याचं श्रेय एकट्या या सभागृहाला नाही. रस्त्यावर उतरलेले लाखो लोक, नकोसं झालेलं युद्ध आणि अर्थतज्ज्ञांचे हिशेब, सगळ्यांचा त्यात वाटा आहे.

तरीही सेंट लुइसला हरलेल्या मुलांचा मान मोठा आहे. विरोधी पक्षाच्या सरकारला स्वातंत्र्य शिकवणं कुणालाही जमतं. त्या वर्षी व्हाइट हाउसमध्ये रिपब्लिकन निक्सन होते, युद्ध कम्युनिस्टांशी होतं, आणि तरी या मुलांनी आपल्याच माणसांना विचारलं: कर घेताना सरकार लुटारू वाटतं, मग माझं अख्खं आयुष्य मागताना ते पवित्र कसं? हा प्रश्न विचारला की मैत्री तुटते, पद जातं, घोळक्याची ऊब जाते. ज्या विद्यार्थी चळवळीत तो आपल्याच नेत्यांना विचारता येतो, तिथेच स्वातंत्र्याचं शिक्षण खरं सुरू होतं.