क्षितिजावरचे डोंगर का लुकलुकतात?

संगणकावर विमान उडविणाऱ्यांची एक जुनी तक्रार आहे. विमान धावपट्टीवरून उचलले जाते, कॉकपिटमधील काटे व्यवस्थित हलत असतात, जवळची घरे आणि झाडे सुबक दिसतात. परंतु दहा हजार फुटांवर पोहोचून समोर पाहिले की दूरचा भूप्रदेश मुंग्यांचे वारूळ फुटावे तसा वळवळू लागतो. डोंगरउतारांवर दाणे चमकतात, शेतांचे बांध क्षणात दिसतात व क्षणात नाहीसे होतात, किनाऱ्याची रेघ तुटते आणि पुन्हा जुळते. ग्राफिक्स कार्ड अपुरे पडत असावे, हा बहुतेकांचा पहिला निष्कर्ष असतो. मग बरेच पैसे खर्चून नवे कार्ड आणले जाते आणि त्यावरही तोच प्रदेश तितक्याच उत्साहाने लुकलुकतो. कार्ड दमले तर चित्र अडखळते, ते लुकलुकत नाही. हा भेद लक्षात घेतला तर पुष्कळांचा खर्च वाचू शकतो.

या दोषाचे मूळ गणितात आहे. १९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर ६० अंशांचे दृश्य दाखविले जात आहे असे समजू. एका पिक्सेलच्या वाट्याला अंशाचा सुमारे बत्तिसावा भाग येतो. विमान तीन किलोमीटर उंचीवर असेल आणि आपण ४० किलोमीटर अंतरावरील जमीन पाहत असू, तर तो एक पिक्सेल जमिनीवर सुमारे २२ मीटर रुंदीचा पट्टा व्यापतो. मात्र जमीन आपण वरून नव्हे, तर फार तिरप्या कोनातून पाहत असतो. त्यामुळे नजरेच्या दिशेने त्याच पट्ट्याची लांबी जवळजवळ २९० मीटर होते. जमिनीचे चित्र दर मीटरला एक ठिपका इतके तपशीलवार असेल, तर पडद्यावरील एका पिक्सेलमध्ये सहा हजारांहून अधिक ठिपके कोंबले जातात. पिक्सेलला रंग मात्र एकच दाखविता येतो. संगणकाने त्या सहा हजारांतून एखाद-दुसराच ठिपका उचलला, तर या क्षणी हिरवे शेत हाती लागेल आणि विमान चार हात पुढे सरकताच पांढरा रस्ता. डोळ्यांना जाणवणारी लुकलुक ती हीच.

दूरचित्रवाणीवर बारीक चौकटींचा शर्ट घातलेला निवेदक हलला की त्याच्या शर्टावर लाटा उठताना आपण पाहिल्या आहेत. दोन मच्छरदाण्या एकमेकींवर पडल्या की जे भलतेच नक्षीकाम दिसते, तेही याच जातीचे. मूळ वस्तूतील तपशील तो टिपणाऱ्या जाळीपेक्षा बारीक असला की खोटे आकार उमटतात. संगणकशास्त्रात याला अलियासिंग म्हणतात. संगणकाने रेखाटलेल्या चित्रांतील या दोषाची पद्धतशीर मांडणी फ्रँक क्रो यांनी १९७७ साली केली. त्यावरचा आजही वापरात असलेला उपाय लान्स विल्यम्स यांनी १९८३ साली मांडला. उपाय असा, की प्रत्येक चित्राच्या निम्म्या, पाव, अष्टमांश अशा लहान होत जाणाऱ्या प्रती आधीच सरासरी काढून तयार ठेवावयाच्या आणि वस्तू जितकी दूर तितकी लहान प्रत वापरावयाची. १०२४ पिक्सेलच्या चौरस चित्राच्या मूळ चित्रासह अशा अकरा पायऱ्या होतात, आणि एवढ्या सगळ्यांसाठी स्मृती केवळ एक तृतीयांशाने अधिक लागते. विल्यम्स यांनी ‘थोडक्यात पुष्कळ’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांची आद्याक्षरे घेऊन याला ‘मिप’ असे नाव दिले. पुढे ‘मिपमॅप’ हा शब्द रूढ झाला.

आधी निदान, मग उपचार

सेटिंग्जच्या खिडकीत शिरण्यापूर्वी लुकलुक कोणत्या प्रकारची आहे, हे पाहावे. सिम्युलेटर थांबवावा आणि दृश्य अगदी किंचित फिरवावे. सबंध उतारभर रेतीसारखे दाणे चमकत असतील तर दोष टेक्स्चरचा, म्हणजे जमिनीवर चिकटविलेल्या चित्रांचा आहे. रस्ते, पूल, विजेचे खांब यांच्या कडाच दातेरी होऊन सरपटत असतील तर तो कडांचा प्रश्न आहे. मोठमोठे तुकडे करवतीच्या दात्यांसारख्या आकारात दोन रंगांमध्ये आळीपाळीने बदलत असतील, तर दोन पृष्ठभाग एकमेकांशी भांडत आहेत. आणि डोंगराची शिखररेषाच जवळ जाताना एकदम आकार बदलत असेल, तर ती लुकलुक नव्हेच. दूरच्या भूप्रदेशाची ढोबळ जाळी बदलून तेथे बारीक जाळी येत आहे, इतकेच. या चारही गोष्टींना लोक सरसकट एकच नाव देतात आणि मग एकाचे औषध दुसऱ्याला देऊन पाहतात.

पहिला प्रकार सर्वाधिक आढळतो. मायक्रोसॉफ्टच्या २००३ साली आलेल्या ‘फ्लाइट सिम्युलेटर २००४’मध्ये मिपमॅपच्या दर्जासाठी एक वेगळी सरकपट्टी होती. दर्जा म्हटल्यावर ती उजवीकडे टोकाला नेण्याचा मोह कोणालाही होतोच. प्रत्यक्षात पट्टी उजवीकडे सरकली की दूरच्या प्रदेशासाठी गरजेपेक्षा मोठी प्रत वापरली जाते. स्थिर चित्र धारदार दिसते, मात्र विमान हलताच सारा प्रदेश वळवळू लागतो. ती मध्यावर ठेवणे हाच शहाणपणा. २००६ साली आलेल्या ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’मध्ये ही पट्टी नाही, तेथे बायलिनियर, ट्रायलिनियर आणि अ‍ॅनिसोट्रॉपिक अशा गाळणपद्धतींतून निवड करावी लागते. बायलिनियरमध्ये मिपमॅपच्या एका प्रतीवरून दुसरीवर जाताना जमिनीवर सरकणारी स्पष्ट रेघ दिसते. ट्रायलिनियर ती रेघ पुसते, पण दूरचा भाग धूसर करते. याचे कारण वरच्या उदाहरणात आहे. पिक्सेलचा पट्टा २२ मीटर रुंद आणि २९० मीटर लांब असताना ही पद्धत लांबी पाहून प्रत निवडते, त्यामुळे रुंदीतील तपशील उगाचच वाया जातो.

अ‍ॅनिसोट्रॉपिक पद्धत या लांबट आकाराची दखल घेते. रुंदीला साजेशी प्रत निवडून लांबीच्या दिशेने ती अनेक नमुने घेते आणि त्यांची सरासरी काढते. आपल्या उदाहरणात लांबी रुंदीच्या सुमारे तेरापट आहे. म्हणजे ग्राफिक्स कार्डांवर सहसा मिळणारी १६ पटीची मर्यादा तेथवर पुरते. ४ किंवा ८ पटीवर समाधान मानल्यास त्याच ठिकाणी धूसरपणा येतो. ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’च्या खिडकीत कितीपट हे निवडता येत नाही, म्हणून १६ हा आकडा कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये जाऊन ठरवावा लागतो. आजच्या कार्डांवर याचा भार नगण्य आहे. एकच गोष्ट करावयाची असेल तर ही करावी.

ड्रायव्हरच्या त्याच खिडकीत आणखी एक कळ दडलेली असते. मिपमॅपची प्रत निवडताना हिशेबात काही ऋण आकडा मिळवावयाची सोय तेथे असते. उणे एक म्हटले की दर दिशेने दुप्पट, म्हणजे एकूण चौपट तपशील असलेली प्रत घेतली जाते. अ‍ॅनिसोट्रॉपिक गाळण प्रचारात येण्यापूर्वी धूसरपणावरचा हा घरगुती इलाज होता. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये या ऋण आकड्याला ‘क्लॅम्प’ म्हणजे अटकाव करण्याची निवड असते. जुन्या सिम्युलेटरसाठी ती करून पाहावी. कोणा हितचिंतकाने दिलेली तयार सेटिंग्ज आपण डोळे झाकून उतरविली असतील, तर तेथे उणे आकडा बसलेला असण्याची शक्यता बरीच असते.

एवढे करूनही एखादेच शहर किंवा एखादाच विमानतळ लुकलुकत राहिला तर संशयाची सुई बाहेरून आणलेल्या अ‍ॅड-ऑनकडे वळवावी. त्यातील चित्रे मिपमॅपविना साठविलेली असतील तर कार्डाकडे निवडण्यासाठी लहान प्रतच नसते. तपासण्याची रीत सोपी आहे: ते अ‍ॅड-ऑन तात्पुरते बंद करावे आणि त्याच जागेवरून त्याच उंचीवर पुन्हा उडावे. दोष गेला तर चित्रांच्या फाइलींची नक्कल सुरक्षित ठेवून त्या मिपमॅपसह पुन्हा साठवाव्यात. अशी कामे करणारी साधने सिम्युलेटरच्या विकासकांसाठीच्या संचात असतात. मात्र उत्साहाच्या भरात कॉकपिटच्या चित्रांना हात लावू नये. तेथे अनेक कारागीर मुद्दामच मिपमॅप ठेवत नाहीत, कारण लहान प्रत निवडली गेली तर उपकरणांवरील अक्षरे वाचता येत नाहीत.

कडा, झाडे आणि भांडणारे पृष्ठभाग

कडांच्या दातेरीपणावर अँटी-अलियासिंग हा उपाय आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याची मर्यादा मात्र ठाऊक नसते. मल्टिसॅम्पलिंग ही नेहमीची पद्धत आकृत्यांच्या भूमितीय कडा गुळगुळीत करते, पृष्ठभागावरच्या चित्राला ती स्पर्श करीत नाही. सिम्युलेटरमधील झाड म्हणजे बहुधा एका सपाट पत्र्यावर छापलेले व भोवतीचा भाग पारदर्शक केलेले चित्र. त्या पत्र्याची कड गुळगुळीत झाली तरी पानांची कड तशीच राहते. म्हणून मल्टिसॅम्पलिंग आठपट केले तरी दूरचे जंगल चमचमतेच. सुपरसॅम्पलिंग, म्हणजे सारे दृश्य मोठ्या आकारात रेखाटून मग लहान करणे, हा खरा उपाय. पण दोन्ही दिशांना दुप्पट करावयाचे तर चौपट पिक्सेल रंगवावे लागतात. येथे मात्र कार्डाची ताकद कामी येते. केवळ पारदर्शक भागांपुरते सुपरसॅम्पलिंग करण्याची सोय ड्रायव्हरमध्ये असते आणि जुन्या सिम्युलेटरसाठी ती चांगली तडजोड ठरते. ढगांच्या गर्दीत फ्रेम रेट कोसळला तर ढगही पारदर्शक असतात, हे आठवावे. अँटी-अलियासिंगचा कारभार सिम्युलेटर किंवा ड्रायव्हर यांपैकी एकाच्याच हाती द्यावा. नव्या सिम्युलेटरमध्ये ड्रायव्हरची सक्ती बहुधा चालतही नाही.

पृष्ठभागांचे भांडण हा प्रकार अगदी निराळा आहे. कोणती वस्तू पुढे आणि कोणती मागे, हे ठरविण्यासाठी कार्ड प्रत्येक पिक्सेलची खोली नोंदविते. जुन्या पद्धतीच्या २४ बिटांच्या नोंदवहीत ही अचूकता नाकासमोर भरपूर आणि दूरवर अत्यल्प असते. दृश्याची जवळची मर्यादा एक मीटर धरली, तर दहा किलोमीटरवर सहा मीटरपेक्षा कमी अंतराचे दोन थर तिला वेगळे ओळखता येत नाहीत; चाळीस किलोमीटरवर तर हा आकडा सुमारे ९५ मीटर होतो. साहजिकच जमिनीवर अंथरलेला रस्ता किंवा किनाऱ्यालगतचे पाणी कधी वर, कधी खाली होत राहते. जवळची मर्यादा दुप्पट दूर नेली की दूरची चूक निम्मी होते. म्हणूनच अनेक सिम्युलेटर कॉकपिट आणि बाहेरचे जग वेगवेगळे रेखाटतात. नोंदवही उलटी करून ३२ बिटांच्या अपूर्णांकी आकड्यांत ठेवली तर हा दोष जवळपास नाहीसा होतो, पण ते काम निर्मात्याचे आहे. आपल्या हाती उरते ते इतकेच, की एकाच विमानतळाची दोन अ‍ॅड-ऑन एकावर एक बसलेली नाहीत ना, आणि दृश्यांच्या यादीत त्यांचा क्रम बरोबर आहे ना, हे पाहणे. असे जुळे विमानतळ वाटतात त्याहून अधिक संगणकांवर सापडतील.

ऑगस्ट २०२० मध्ये आलेला मायक्रोसॉफ्टचा नवा सिम्युलेटर आणि त्यानंतरची २०२४ सालची आवृत्ती यांत कालिक अँटी-अलियासिंग असते. आधीच्या चौकटींची माहिती चालू चौकटीत मिसळून ते लुकलुक दाबून टाकते. त्याची किंमत म्हणजे वेगाने बदलणाऱ्या आकड्यांमागे उमटणारी पुसट सावली. काचेच्या पडद्यांची उपकरणे असलेल्या विमानांत ती डोळ्यांत भरते. येथे लुकलुक दिसली तर प्रथम रेखाटनाचे प्रमाण शंभर टक्क्यांखाली उतरविले आहे का, ते बघावे. त्यानंतर चित्राची धार वाढविणारी प्रक्रिया बंद करून पाहावी. सरासरीने शांत केलेले दाणे ती पुन्हा उठवून बसविते. भूप्रदेशाच्या तपशिलाची पट्टी सगळ्यात शेवटी. ती वाढविली की शिखररेषेचे आकार बदलणे कमी होते, परंतु दूरवर अधिक बारीक तपशील येतो आणि पहिल्याच प्रकारची लुकलुक वाढू शकते.

हा सारा खटाटोप केवळ सौंदर्यासाठी आहे, असे मानण्याचे कारण नाही. विमानोड्डाण शिकणारी मुले घरी सिम्युलेटरवर सराव करतात. आकाशात नजर फिरवून दुसरे विमान हुडकणे हा त्या शिक्षणाचा महत्त्वाचा भाग आहे. दूरचे विमान म्हणजे एक हलता ठिपका. डोळ्याला हालचाल चटकन खेचून घेते. क्षितिजावर शेकडो खोटे ठिपके चमकत असतील, तर नजरेला हालचालीकडे दुर्लक्ष करण्याचेच वळण लागते.

शेवटचा उपाय फुकटचा आहे आणि बहुधा कोणी करीत नाही. सिम्युलेटरमध्ये हवामान ‘स्वच्छ’ निवडले की दृश्यमानता अमर्याद होते आणि शंभर किलोमीटरवरचा डोंगरही काचेसारखा लखलखीत दिसतो. विमानतळांच्या हवामान अहवालात दहा किलोमीटर वा त्याहून अधिक दृश्यमानता ‘९९९९’ अशी लिहितात आणि मुंबईच्या हिवाळी सकाळी धुरक्यामुळे तो आकडा कित्येकदा त्याच्या निम्म्यावरही जात नाही. खऱ्या हवेत बाष्प असते, धूळ असते. दूरचे डोंगर निळसर, फिके दिसतात. सिम्युलेटरची दृश्यमानता तीस-चाळीस किलोमीटरवर आणून ठेवावी. लुकलुकणारा बहुतेक प्रदेश त्या धुक्यात विरघळतो, आणि मुंबईहून पुण्याकडे निघालेल्या वैमानिकाला समोर सह्याद्री जसा दिसावा, तसाच दिसू लागतो.