पाठीचा कणा आणि पाहणारे डोळे: लंडन ते कुडाळ

१/ पाठीचा कणा एका बाजूला वळत जाण्याच्या विकाराला स्कोलिओसिस म्हणतात. बहुतेक मुलांत तो दहाव्या वर्षानंतर, उंची झपाट्याने वाढताना आढळतो. सहसा दुखत नाही. म्हणून तो कोणीतरी मुद्दाम पाहावा लागतो. या पाहण्याचाही एक इतिहास आहे.

२/ इग्वानोडॉन या डायनासोरचा शोध लावणारे इंग्रज भूशास्त्रज्ञ गिडिअन मँटेल १८५२ मध्ये निवर्तले. अखेरची अनेक वर्षे ते पाठीच्या वेदनांनी जर्जर होते. त्यांचा कणा वळलेला असल्याचे उघड झाले ते शवविच्छेदनात.

३/ लंडनचे शल्यविशारद विल्यम अ‍ॅडम्स यांनी मर्म ओळखले: मणके नुसते झुकत नाहीत, पिळलेही जातात. ताठ उभे असताना वक्रता लपते. पुढे वाकताच एका बाजूच्या फासळ्या उचललेल्या दिसतात. त्यांची यासंबंधीची व्याख्याने १८६५ मध्ये प्रसिद्ध झाली. ही तपासणी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिला कोणतेही यंत्र लागत नाही.

४/ लागतात ती एकत्र भेटणारी मुले. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. भारतातील शालेय वैद्यकीय तपासणीचा आरंभही बडोद्यातच, १९०९ मध्ये झाला. तरीही १९४६ मध्ये भोर समितीला देशात अशी सेवा जवळजवळ आढळलीच नाही.

५/ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी उत्तर अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले: वाढीच्या वयात पट्टा वापरणाऱ्या ७२ टक्के मुलांची वक्रता शस्त्रक्रियेच्या उंबरठ्याआत राहिली, न वापरणाऱ्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते.

६/ या कार्यक्रमानुसार कुडाळसारख्या तालुक्यांत पथकाने शाळेत वर्षातून एकदा, अंगणवाडीत दोनदा जायचे असते. मूळ यादीतील ३० व्याधींत जन्मजात वाकडे पाऊल आहे, निखळलेला खुबा आहे. स्कोलिओसिसचे नाव नाही.

७/ सरसकट तपासणीविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण पट्ट्याचा उपयोग हाडांची वाढ चालू असेपर्यंतच होतो. अ‍ॅडम्सची युक्ती आणि बडोद्याची प्रथा, दोन्ही शतकाहून जुन्या. कुडाळच्या एखाद्या वर्गात त्यांची गाठ पडण्यासाठी एवढेच सांगावे लागेल: बाळा, जरा पुढे वाक.